मुखवटा बालीचा, हवा नागपूरची

एप्रिलचा शेवटचा आठवडा, दुपारचा दीड. जेवणं आटोपून आडवं व्हायच्या बेतात होतो, तेवढ्यात हॉलमधून 'टक्' असा आवाज आला. बाहेर येऊन पाहिलं तर भिंतीवरच्या गरुडाच्या डोक्यापासून दोन्ही डोळ्यांच्या मधोमध, थेट चोचीच्या मुळापर्यंत चीर गेलेली. बालीहून आणून त्याला जेमतेम पंधरा दिवस झाले होते. रस्त्याकडेच्या दुकानात घासाघीस करून घेतलेला, पेटीत कपड्यांच्या घड्यांमध्ये जपून आणलेला तो लाकडी मुखवटा होता.

पहिला विचार जो कुणाच्याही मनात येईल तोच आला : ठकवलं. शेजारी काम करणाऱ्या मिस्त्रींना बोलावून दाखवलं. त्यांनी मुखवटा उलटा केला, हनुवटीच्या खालच्या काठावर अंगठा फिरवला आणि म्हणाले, "लाकूड ओलं होतं जी. अन् गाभा आतच ठेवला की यानं. हे तडकणारच होतं."

त्या दोन वाक्यांत सगळं उत्तर होतं. ते नीट समजून घ्यायला मला पुढे वर्षभर लागलं, ती गोष्ट वेगळी. बाली, श्रीलंका, अंदमान, केरळ, कुठूनही कोरीव लाकडी वस्तू घरी आणणाऱ्याला ते उपयोगी पडेल म्हणून सांगतो.

पावसाळ्यात दार अडकतं हे आपल्याला लहानपणापासून माहीत असतं. जुलैमध्ये मोरीचं दार खांदा लावून ढकलावं लागतं आणि तेच दार मार्चमध्ये वाऱ्यावर आपटतं. बैलगाडीच्या चाकावरची लोखंडी धाव उन्हाळ्यात सैल होते, म्हणून गाडीवान चाकं पाण्यात भिजत ठेवत. म्हणजे लाकूड हवेतलं पाणी घेतं, फुगतं, सोडतं, आकसतं. झाड कापल्यावर शंभर वर्षं उलटली तरी हे थांबत नाही. मुखवट्याचं दुखणं याच जातीचं आहे. फक्त इथे दाराला चौकटीत जेवढी जागा असते तेवढीही नसते.

लाकूड आतून कसं असतं ते पाहायचं तर कडब्याची पेंढी डोळ्यांसमोर आणा. हजारो बारीक नळ्या, सगळ्या उभ्या, एकमेकींना चिकटलेल्या. ताज्या लाकडात पाणी दोन ठिकाणी असतं : नळ्यांच्या पोकळीत आणि नळ्यांच्या भिंतींमध्ये. पोकळीतलं पाणी आधी जातं. ते जाताना लाकूड हलकं होतं, पण आकार बदलत नाही. बादलीतलं पाणी ओतलं म्हणून बादली लहान होत नाही, तसं. लाकडाच्या कोरड्या वजनाच्या साधारण ३० टक्के एवढंच पाणी उरलं की पोकळ्या रिकाम्या झालेल्या असतात. त्यापुढे जे पाणी जातं ते भिंतींमधलं. ते गेलं की भिंती बारीक होतात आणि लाकूड खरोखर आकसायला लागतं.

किती आकसतं? उंचीत जवळजवळ नाहीच. पेंढी वाळली म्हणून ताटं आखूड होत नाहीत, बारीक होतात. पण जाडीतसुद्धा लाकूड सगळीकडे सारखं बारीक होत नाही, आणि खरी गंमत इथे आहे. ओंडक्याचा आडवा काप पाहिला तर मध्ये गाभ्याचा ठिपका आणि भोवती वलयं दिसतात. गाभ्यातून सालीकडे जाणाऱ्या सरळ रेषेत लाकूड जेवढं आकसतं, त्याच्या सुमारे दुप्पट ते वलयांच्या दिशेने, म्हणजे घेराने आकसतं. पोट एक इंच कमी व्हावं आणि कमरेचा पट्टा दोन इंचांनी आवळावा, तसं. पट्टा तुटणार. लाकडात तो तुटतो म्हणजे सालीकडून गाभ्याकडे चीर जाते, आणि नळ्या उभ्या असल्यामुळे ती चीर उभी धावते. माझ्या गरुडाची चीर डोक्यापासून चोचीपर्यंत सरळ का गेली आणि कानापासून कानापर्यंत का गेली नाही, त्याचं कारण हे.

आता हवेकडे वळू. लाकूड ज्या हवेत असतं तिच्याशी जुळवून घेतं. हवेतली सापेक्ष आर्द्रता ८० टक्क्यांच्या आसपास असेल, जशी बालीत बराच काळ असते, तर लाकडातलं पाणी १६ टक्क्यांजवळ येऊन थांबतं. आर्द्रता ६५ टक्के असेल तर १२ टक्के. नागपुरात एप्रिल-मेच्या दुपारी ती २५ टक्क्यांच्याही खाली जाते. तिथे लाकूड ५-६ टक्क्यांपर्यंत उतरू पाहतं. म्हणजे बालीतल्या हवेत अगदी मुरलेलं, पूर्ण सुकलेलं लाकूडसुद्धा नागपूरच्या हिशेबाने ओलंच आहे. दुकानदाराने मला ठकवलं नव्हतं. त्याच्या गावात ते लाकूड वाळलेलंच होतं.

थोडं गणित करू. वीस सेंटिमीटर व्यासाचा गोल ठोकळा घ्या. घेर झाला सुमारे ६३ सेंटिमीटर. लाकडातलं पाणी १६ वरून ६ टक्क्यांवर आलं, तर मध्यम प्रतीच्या लाकडात घेर पावणेतीन टक्क्यांच्या आसपास आकसू पाहतो आणि त्रिज्या जेमतेम सव्वा-दीड टक्का. मधला फरक साधारण दीड टक्का, म्हणजे ६३ सेंटिमीटरच्या घेरावर नऊएक मिलिमीटर. एवढी तूट कुठून तरी भरून निघायला हवी. लाकूड थोडं ताणून घेतं, थोडं सोसतं, आणि हवा हळूहळू बदलली तर बरंच सोसतं. पण पंधरा दिवसांत झालं की बाहेरचा थर वाळून आवळलेला आणि आतला भाग अजून फुगलेला राहतो. मग टक्.

मिस्त्रींनी गाभ्याचा विषय का काढला तेही यातूनच कळतं. ठोकळा मधोमध चिरून अर्धा केला, की पट्ट्याला मोकळी टोकं मिळतात. लाकूड किंचित वाकतं, पाठ थोडी फिरते, पण फाटत नाही. पूर्ण गोल ओंडक्यात, गाभा पोटात तसाच ठेवून मुखवटा कोरला तर पट्टा बंदच राहतो. माझ्या गरुडाची पाठ फक्त सपाट तासलेली होती. हनुवटीच्या काठावर गाभ्याचा काळसर ठिपका स्वच्छ दिसत होता. घेताना मी चोच पाहिली, डोळे पाहिले, पंखांवरची सोनेरी रेघ पाहिली. उलटा करून मात्र पाहिला नाही.

पुढच्या वर्षी पुन्हा बालीला जाणं झालं, आणि या वेळी उबुदच्या दक्षिणेला असलेल्या मास या गावात गेलो. गावाच्या नावाचा अर्थ 'सोनं', पण काम लाकडाचं. याच गावचे इडा बागुस न्याना हे बालीच्या आधुनिक काष्ठशिल्पातलं मोठं नाव. १९३६ साली उबुदमध्ये पिता महा नावाची कलाकारांची संघटना उभी राहिली. राजघराण्यातले सुकावती, आणि वॉल्टर स्पीस व रुडॉल्फ बॉनेट हे युरोपातून आलेले दोन चित्रकार तिच्यामागे होते. देवळासाठी कोरणारे हात त्या काळात पाहुण्यांसाठीही कोरू लागले. आज आपण विमानातून जे आणतो त्याचा उगम तिथला आहे.

ज्या कारागिराच्या अंगणात मी बसलो तो मांडी घालून, दोन्ही पायांच्या तळव्यांमध्ये ठोकळा धरून काम करत होता. बाक नाही, शिकंजा नाही, पायच शिकंजा. बाजूला पंचवीस-तीस पटाशा अंथरलेल्या कापडावर ओळीने मांडलेल्या. न बघता हात बरोबर हव्या त्या पटाशीवर जायचा. माझं लक्ष मात्र छपराखालच्या फळीकडे गेलं. तिथे डझनभर अर्धवट मुखवटे ठेवलेले होते : नाक म्हणजे नुसता उंचवटा, डोळ्यांच्या जागी दोन खळगे, पण पाठ आतून खोल कोरून काढलेली. हे सुकत ठेवलेले होते. आधी ढोबळ आकार, पाठ पोकळ, मग सावलीत काही आठवडे, मग बारीक काम.

पाठ पोकळ करण्याचं कारण मला नाचणाऱ्याच्या चेहऱ्यावर बसावा एवढंच वाटत होतं. तेही आहेच. पण बोटभर जाडीचं लाकूड आतून-बाहेरून एकाच वेळी वाळतं, त्यामुळे आतला थर आणि बाहेरचा थर यांची ओढाताण होत नाही. शिवाय गाभा निघून जातो. म्हणून नाचासाठी केलेला तोपेंग मुखवटा टिकतो आणि केवळ भिंतीसाठी केलेला जाडजूड मुखवटा तडकतो. कलेच्या दर्जाचा प्रश्न क्षणभर बाजूला ठेवला तरी ही एक कसोटी पुरेशी आहे : चेहऱ्यावर लावता येईल असा असेल तर घ्या.

तिथे एक सुखद धक्का बसला तो लाकडांच्या नावांचा. बालीत मुखवट्यांसाठी सर्वांत मानाचं लाकूड 'पुले'. पांढुरकं, हलकं, पटाशीला लोण्यासारखं. हे पुले म्हणजे आपली सातवीण, सप्तपर्णी. दिवाळीच्या सुमारास रात्री जिच्या वासाने काही जण वेडे होतात आणि काहींचं डोकं दुखतं, तीच. तिच्या शास्त्रीय नावात 'स्कोलॅरिस' आहे ते शाळेच्या पाट्या या लाकडाच्या होत म्हणून. तिथे पुलेचं झाड बहुधा स्मशानाजवळच्या देवळापाशी असतं आणि देवाच्या मुखवट्यासाठी लाकूड घ्यायचं तर मुहूर्त पाहून, झाडाला विचारून, झाड जिवंत ठेवून तुकडा काढतात. मुखवटा पूर्ण झाल्यावर त्यावर 'पासुपती' विधी होतो. शब्द ओळखीचा वाटला ना? आपल्याकडच्या प्राणप्रतिष्ठेसारखाच तो विधी. दुकानातल्या मुखवट्यावर तो झालेला नसतो, त्यामुळे विकत घेताना मनात किंतु बाळगायचं कारण नाही.

दुसरं लाकूड दुकानदार 'मगरीचं लाकूड' म्हणून दाखवतात, कारण झाडाच्या खोडावर मगरीच्या पाठीसारखे टोकदार गाठी असतात. फिकट पिवळसर, गुळगुळीत. हे झाड कोणतं, तर तिरफळ. बांगड्याच्या तिखल्यात ज्याची फळं ठेचून घालतात ते तिरफळ. गोव्याच्या माणसाला हे सांगितलं तर तो मूर्ती विकत घेण्याआधी हुंगून पाहील. तिसरं 'सुआर', तपकिरी, गडद-फिकट पट्ट्यांचं; मुंबईच्या रस्त्यांवर छत्रीसारखे पसरलेले पर्जन्यवृक्ष तेच. आणि 'सोनोकेलिंग' म्हणून मिळतं ते शिसवी. एवढ्या लांब जाऊन आपण पुष्कळदा आपल्याच आवारातलं लाकूड घेऊन येतो.

शिसवीबद्दल कायद्याचं एक वाक्य. वन्य जिवांच्या व्यापारावरचा साइट्स करार शिसवीच्या सगळ्या जातींना २०१७ पासून लागू आहे; मात्र २०१९ साली केलेल्या बदलाप्रमाणे तयार वस्तूंमध्ये असं लाकूड १० किलोपर्यंत असेल तर त्या कराराचा परवाना लागत नाही. छोट्या मूर्तीला अडचण नाही, टेबल मागवणार असाल तर चौकशी करा. कासवाची पाठ, प्रवाळ, हस्तिदंत यांच्या वाटेला मात्र जाऊच नका, विकणारा काहीही म्हणो. हरणाच्या शिंगाचंही तेच. मेलबर्न-सिडनीला राहणाऱ्या मंडळींसाठी : ऑस्ट्रेलियात उतरताना लाकडी वस्तू जाहीर करावीच लागते आणि साल चिकटलेली असेल तर ती हातची जाते. जाहीर केली, तपासली, परत दिली, असं बहुतेक वेळा होतं. लपवली तर दंड.

ही सावधगिरी उगाच नाही, कारण लाकडातून पाहुणे येतात. फिक्या, पिष्ट असलेल्या लाकडात एक बारीक भुंगेरा अंडी घालतो. त्याची अळी महिनोन्‌महिने आतून पोखरत राहते आणि बाहेर पडते तेव्हा मिलिमीटर-दोन मिलिमीटरचं गोल छिद्र दिसतं. छिद्र दिसलं म्हणजे कीड आहेच असं नाही. गेलेलीही असू शकते. मूर्तीखाली काळा कागद ठेवा. आठवड्याने त्यावर टाल्कम पावडरीसारखी पूड पडलेली दिसली, तर आत कुणीतरी आहे. छोटी वस्तू असेल तर प्लास्टिकच्या पिशवीत हवा काढून घट्ट बांधायची आणि दोन आठवडे फ्रीजरमध्ये. बाहेर काढल्यावर पिशवी दिवसभर उघडायची नाही, नाहीतर थंड लाकडावर दव धरतं. घरातल्यांना आधी सांगून ठेवा; आमच्याकडे आइस्क्रीमच्या डब्यामागून एका म्हाताऱ्याचा चेहरा डोकावल्यावर बरीच बोलणी खावी लागली.

तो म्हातारा म्हणजे माझी दुसऱ्या खेपेची खरेदी. सुरकुत्या, पांढऱ्या भुवया, दोनच दात, पुलेचा, आतून पोकळ. आणि या वेळी मी तो जुलैमध्ये आणला, योगायोगाने. सुट्टी तेव्हाच मिळाली होती. पण नंतर लक्षात आलं की हा योगायोग फार मोलाचा होता. बालीत जुलै हा कोरड्या ऋतूतला महिना आणि आपल्याकडे ऐन पावसाळा. नागपूरची जुलैतली हवा बालीइतकीच दमट. म्हाताऱ्याला आपण घर बदललंय हे कळलंच नाही. मग पावसाळा सरला, दिवाळी आली, थंडी, मार्च, असं करत हवा आठ-नऊ महिन्यांत हळूहळू कोरडी होत गेली आणि लाकडाला प्रत्येक पायरीवर बसून घ्यायला वेळ मिळाला. आपली बहुतेक कुटुंबं मात्र मे महिन्याच्या सुट्टीत जातात, आणि लाकूड आणायला विदर्भ-मराठवाड्यासाठी याहून वाईट महिना शोधून सापडणार नाही.

मी स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर त्याचं वजन करत गेलो. आणला तेव्हा २८० ग्रॅम. ऑगस्टअखेर २८१. दिवाळीत २७१, संक्रांतीला २६७, मे महिन्यात २५७. तेवीस ग्रॅम पाणी, म्हणजे पोह्याचे दोन चमचेही नाही. एवढं पाणी पंधरा दिवसांत जातं की दहा महिन्यांत, एवढ्यावर चेहऱ्याला चीर पडायची की नाही ते ठरतं. तुमच्याकडेही काटा असेल तर करून पाहा. वजन दोन-तीन आठवडे एकाच जागी थांबलं की समजा लाकूड घराला सरावलं.

मे महिन्यातच आणावं लागलं तर? मग पावसाळ्याची नक्कल करायची. वस्तू वर्तमानपत्रात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत घालायची, तोंड अर्धवट मोकळं ठेवायचं आणि पुठ्ठ्याच्या खोक्यात, घरातल्या सर्वांत थंड कोपऱ्यात ठेवून द्यायचं. आठवड्यातून एकदा कागद बदलायचा, बुरशी धरत नाही ना ते पाहायचं, पिशवी थोडी आणखी उघडायची. महिना-दीड महिना. वस्तूची जी टोकं आडवी कापलेली असतात, म्हणजे मुखवट्याची हनुवटी आणि माथा किंवा मूर्तीचा तळ, तिथे नळ्यांची तोंडं उघडी असतात आणि पाणी तिथूनच सर्वांत वेगाने पळतं. त्या टोकांवर मेण चोळलं तर पुष्कळ फरक पडतो. खिडकीतलं ऊन, फ्रिजचा माथा, एसीचा झोत टाळायचा. कूलरसमोर तर अजिबात नको : दुपारी ओला वारा, सकाळी कोरडी हवा, रोजची फुगवणी आणि रोजची आवळणी.

मुंबई, रत्नागिरी, पणजीच्या लोकांनी हे वाचून घाबरायचं कारण नाही. तिथली हवा आणि बालीची हवा चुलत बहिणी. एसी दिवसरात्र चालत नसेल तर वस्तू सुखात राहील, बुरशीची काळजी तेवढी घ्या. पुण्यात उन्हाळ्यापुरतं जपावं लागतं. टोरांटो-शिकागोत हीच गोष्ट जानेवारीत घडते, कारण बाहेर बर्फ असला तरी हीटर लावलेल्या घरातली हवा नागपूरच्या मे महिन्याइतकी कोरडी असू शकते.

राहिला गरुड. तडा गेल्यावर मी लगेच फेविकॉलमध्ये भुसा कालवायला घेतला होता. मिस्त्रींनी हात धरला. "आत्ता नका भरू जी, पाण्यात पाहा." आमच्याकडे पाण्यात म्हणजे पावसाळ्यात. उन्हाळ्यात चीर पूर्ण उघडलेली असते. तेव्हा ती कडक वस्तूने गच्च भरली की पावसाळ्यात लाकूड फुगतं, मिटायला जागा सापडत नाही आणि शेजारी नवी चीर पडते. भरायचंच असेल तर मेणासारखं मऊ काहीतरी, दबलं तर दबेल असं.

मी काहीच भरलं नाही. त्या पहिल्या एप्रिलमध्ये चिरेत रुपयाचं नाणं उभं राहत होतं. ऑगस्टमध्ये नख जाईना, आणि सोनेरी रेघ मधोमध इतकी जुळून आली की पाहुण्यांना बोट ठेवून दाखवावं लागलं. आता पुन्हा मे आहे. काल संध्याकाळी नाणं घेऊन गेलो, तर अर्ध्यावर अडकलं.